गोठ्यातलं गणित

शाळेच्या फाटकाशी दूधवालीची आणि अध्यक्षाची जुंपली होती. दूधवालीची म्हैस मध्ये उभी राहून दोघांचं शांतपणे ऐकून घेत होती.

"वर्ग उघडा," दूधवाली म्हणाली. "उद्या पोरीची वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा. गणितात नापास झाली तर चुलता तिला वीटभट्टीवर नेणार. टोपली आणून ठेवलीय मेल्यानं."

"अहो मावशी, संप पोरांसाठीच आहे," शिक्षक संघटनेचा अध्यक्ष म्हणाला. "चार वर्गांना एकच बाई. दुसरा मास्तर मागतोय आम्ही."

"पोरांसाठी, मग पोरं बाहेर का?"

"आत घेतली तर सरकारला कळणार कसं?"

हे खरंच होतं, त्यामुळं दूधवालीचं टाळकं आणखी सणकलं. बाई संपाच्या सतरंजीवर मान खाली घालून बसल्या होत्या. ठराव पक्का होता: संप मिटेपर्यंत शाळेत शिकवायचं नाही. शिकवेल त्याला संघटनेतून काढणार. मग बदली होवो नाहीतर पगार अडो, पाठीशी कुणी नाही.

दूधवालीनं फाटक ढकललं, वर्गाची कडी काढली, म्हैस आत नेली आणि खिडकीच्या गजाला बांधली.

"हे संप मोडणं झालं!" अध्यक्ष ओरडला.

"का? ती शिकवतेय का?"

अध्यक्षानं ठराव पुन्हा वाचला. म्हशीविषयी त्यात अवाक्षर नव्हतं. तोवर म्हशीनं फळ्याखाली शेणाचा पो टाकला.

बाई उठल्या. वर्गाच्या दारात आल्या.

"अध्यक्षसाहेब, हा आता गोठा झाला. गोठ्यात शिकवू नये असं कुठं लिहिलंय?"

अध्यक्षानं नाकाला रुमाल लावला. "म्हैस आत तोवर गोठा," तो म्हणाला. "ती बाहेर पडली की शाळा. मग मी कुणाची गय करणार नाही."

पोर फळ्यासमोर बसली आणि अपूर्णांक सुरू झाले. अध्यक्ष दारात पहाऱ्याला उभा राहिला. दुपार कलली, धारेची वेळ झाली, आणि म्हशीला घरचं रेडकू आठवलं. तिनं हिसडा दिला. गंजका गज चौकटीतून निसटला. दूधवालीनं दावं दोन्ही मनगटांना गुंडाळलं आणि टाचा भिंतीला रोवल्या.

म्हशीचं डोकं दारापर्यंत गेलं. अध्यक्ष तिला वाट देत बाजूला झाला. बाई भराभरा बोलू लागल्या.

"आई, तुझा हात सोलला!" पोर म्हणाली.

"फळ्याकडं बघ." दूधवालीनं दात आवळले. "आणि बाई, घाई करू नका. पोरीच्या कपाळावरची आठी अजून गेली नाही."