थोरली आणि धाकटी

"नाव एकेक बदल, नीता. एक बदललं की प्रोग्रॅम चालवून बघ, मगच दुसऱ्याला हात लाव." निवृत्त होताना प्रभाकरकाका एवढंच सांगून गेले होते.

पनवेलच्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीचा एडिटर, म्हणजे मराठी मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, त्यांनीच लिहिलेला. पडद्यावर दोन खिडक्या उघडत, दोहोंत वेगवेगळा मजकूर. कोडमध्ये काकांनी त्यांना थोरली आणि धाकटी म्हटलं होतं. पुढे नणंदा होत्या, विहिणी होत्या. नवे मॅनेजर चारुदत्त यांना त्याची लाज वाटे. नीता रजेवर असताना त्यांनी सगळी नावं एका दमात बदलून टाकली.

"एकेक करून बघायला हवं होतं, सर," ती हळूच म्हणाली.

"का? सोमवार आहे, महादेवाला विचारायचं राहिलं?" ते हसले. "कंपाइल झालंय, मशीनने एकही चूक दाखवली नाही. शनिवारीच तळोज्याच्या कारखान्यात फ्लॉपी पोचली."

नीताने दोन्ही खिडक्या उघडल्या. एकीत वाणसामान लिहिलं, दुसरीत मामीचा पत्ता. जतन करून पुन्हा उघडलं, तर दोन्हीकडे मामीचा पत्ता. वाणसामान गेलं होतं. थोरलीला दिलेलं नवं नाव कोडच्या जतन करायच्या भागात आधीपासूनच धाकटीसाठी वापरलेलं होतं. दोघींची एक झाली होती आणि कंपायलरने हूं की चूं केलं नव्हतं.

वाऱ्यासरशी तळोज्याकडचा रसायनांचा उग्र वास आत आला. कुणीतरी उठून काच लावली.

"उद्या नवी फ्लॉपी पाठवू," चारुदत्त तिच्या पडद्याकडे बघून म्हणाले. "उगाच फोन करून गिऱ्हाईक घाबरवू नकोस." आणि ते जेवायला गेले.

नीताला आज दिवा लागेपर्यंत जेवायचं नव्हतं. तळोज्याचा कारखाना कामगारांसाठीच्या सूचना याच एडिटरवर लिहून छापत असे. तिने फोन उचलला. कारखान्यात बळीराम भेटला, टाक्यांवरचा जुना कामगार.

"दादा, नव्या सूचनांचे कागद लावले?"

"लावले की ताई, सकाळीच. टाकी भरायचा येक, धुवायचा येक."

"भरायचा वाचून दाखवता?"

"'तळाची तोटी पूर्ण उघडा. पाणी वाहून...'" तो अडखळला. "थांबा, दुसरा बगतो. ताई, ह्यात पन तेच! जुळे भाव हायत दोगं." तो हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"आज टाकी भरायची आहे?"

"तीनच्या पाळीला. ॲसिडचा टँकर येऊन उबा हाय. आमा जुन्यांना कागद लागत नाय. पन त्या पाळीला समदी पोरं नवी. माजा ल्योक प्रितम पन."

"मग काढा ना ते कागद."

"साहेबाची सही हाय, आनि साहेब गेलेत मुंबयला. प्रितमला सांगीन मी. पन त्याचा जोडीदार माजं ऐकल, का सहीचं? माज्या म्हनन्यावर कागद निगायचा नाय. तुमी कंपनीची मानसं. तुमी येऊन बोला, मंग काडू."

"येते. पाळी लागायच्या आत येते."

दीड वाजून गेला होता. चारुदत्त यांची खुर्ची रिकामी होती. तिने पर्स घेतली, जिन्याखाली चपला घातल्या आणि नाक्यावर आली.

"तळोजा? अजून दोन सीट येऊ देत, ताई," रिक्षावाला म्हणाला.

"त्यांचेही पैसे मीच देते. निघा," नीता म्हणाली, आणि पदर सावरून आत बसली.