घोंगडीवरचा नियम

एकोणीसशे बत्तीस साली शिवयोगी मास्तरांनी आम्हा मॅट्रिकच्या पोरांना लोकल बोर्डाची सभा दाखवायला नेलं. लोकशाही डोळ्यांनी बघा म्हणाले. अट एकच: प्रेक्षकांच्या बाकावरून जो तोंड उघडेल, त्याचं नाव शाळेतून कमी. लोकशाही शिकवायची ही तऱ्हा मला तेव्हाही खटकली, पण त्या दिवशी मी फुशारकीत होतो. सभासदांत माझे वडील, आबा होते. तात्याबा धनगर, होटगीपलीकडच्या मेंढपाळांनी नुकताच निवडून दिलेला माणूस.

आमच्या वस्तीजवळचा बोर्डाचा पाणवठा जिनिंगच्या कारखान्याला द्यायचा ठराव होता. तो गेला तर उन्हाळ्यात मेंढ्यांना चार कोस पाणी नव्हतं. आबांना लोकांनी तेवढ्यासाठीच पाठवलं होतं.

ठराव वाचून झाला. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

आबा हाताची घडी घालून ताठ बसले. ते काय करतायत ते मला लगेच कळलं. आमच्याकडं पंच घोंगडीवर बसतात, आणि प्रत्येकानं तोंडानं 'व्हय' म्हटल्याशिवाय निवाडा होत नाही. एक जण जरी गप्प राहिला तरी बैठक मोडते, विषय तिथंच पडतो. आबांनी असे कितीतरी वाकडे निवाडे गप्प बसून अडवले होते. इथं मात्र गप्प बसणं म्हणजे होकार. मास्तरांनी हे आदल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी शहाण्यासारखं वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"कुणाचीच नाही?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. भला माणूस, थोडा थांबलाही. मी बाकावरून अर्धा उठलो. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बसलो.

अध्यक्षांनी कारकुनाकडं बघून मान हलवली, कारकुनानं एक ओळ लिहिली आणि पुढचा विषय सुरू झाला.

सभा संपल्यावर आबा फाटकापाशी माझी वाट बघत उभे होते. एवढे खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

"बघितलंस न्हवं सिदा? म्या व्हय म्हनलोच न्हाय. सोडला की न्हाय त्यांनी विषय?"

सांगू नये असं फार वाटलं. पण वस्तीवर जाऊन ते सगळ्यांना हेच सांगणार होते. मी खरं काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे पानी गेलं?"

"गेलं, आबा."

"तुला कवा कळलं?"

"तितंच. त्यांनी इचारलं तवा."

"मंग बोलला का न्हाईस?"

"मास्तरांनी साळंतनं नाव काढलं असतं."

आबा माझ्या काखेतल्या वहीकडं बघत राहिले. ओरडले असते, एक ठेवून दिली असती, तर बरं झालं असतं.

"म्या अडानी," ते हळू म्हणाले. "गप बसनं म्हंजे व्हय, ह्ये मला ठावं नव्हतं. तुला ठावं हुतं. मंग पानी द्याला व्हय म्हनला त्यो तू की रं."