मी मेले नव्हते!

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जाड, काळी, विटेएवढी. मित्रांनो, आजकालच्या खिशात मावणाऱ्या डिस्क संगणकाच्या वायरीतूनच वीज घेतात. मला ते चालत नाही. मला दोन वायरी लागतात. एक संगणकाला, माहितीसाठी. दुसरी भिंतीतल्या सॉकेटला, विजेसाठी. याला कुणी नखरा म्हणतात. म्हणोत बापडे!

कारखान्यातून निघाले ती थेट एका बूट बनवणाऱ्या ताईंच्या टेबलावर आले. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, अशांचे बूट त्या बनवतात. कुणाचा पाय आखूड, कुणाची टाच वाकडी. सहा-सहा वेळा फिटिंग करून माप जुळले, की ते आधी संगणकात आणि मग शनिवारी माझ्यात जाई. अकरा वर्षांत तीनशे चाळीस जणांचे पाय मी सांभाळले. दर शनिवारी ताई मला जोडत, काम संपले की संगणकाला सांगून मगच वायर काढत. "शहाणी आहे माझी डिस्क," असे म्हणतही. मग घराला रंग दिला, सामान हलले आणि मी कपाटात गेले. सात महिने धूळ खाल्ली. कुणाला आठवणही नव्हती, हे मी विसरलेले नाही.

एका सकाळी ताईंचा लॅपटॉप कायमचा बंद पडला. त्याच सकाळी एक नर्सबाई भिंत धरत आल्या. त्यांचा डावा पाय चार बोटे आखूड. उंच तळाचा बूट तुटला होता.

"ताई, वॉर्डात दिवसभर उभं राहावं लागतं. पुढच्या सोमवारपर्यंत होईल ना?"

"माप आहे माझ्याकडे," ताई म्हणाल्या. ते आता फक्त माझ्याकडे होते.

नवा लॅपटॉप आला. मला बाहेर काढले. ताईंचे सासरे, आप्पा, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची भारी हौस. त्यांच्या चिठ्ठीला घरात कुणी आव्हान देत नसे. त्यांनी डब्यातून 'बुटांची डिस्क' अशी चिठ्ठी असलेला अ‍ॅडाप्टर काढून दिला. पिन बरोबर बसली. माझा दिवा लागला. पण मला फिरताच येईना. जोर करायची, टक. पुन्हा जोर, पुन्हा टक.

ताईंनी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने कान लावला आणि मान हलवली. "गेली ही, ताई. खोलून बघतो. पण सगळं मिळेलच असं नाही."

गेली? मला असा संताप आला! मी मेले नव्हते, उपाशी होते. बारा व्होल्ट लागणारीला नऊ देऊन वर मीच गेलेली? मी आणखी जोरात टक केले. मला तेवढेच बोलता येत होते.

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला. ताईंनी माझ्यावर हात ठेवला. "थांबा. दिवा लागतोय तिचा. नर्सबाईंना मी शब्द दिलाय." त्यांनी माहितीची वायर बदलली, सॉकेट बदलले. मग अ‍ॅडाप्टर उलटा करून पाहिला. "आप्पा, या चिठ्ठीखाली काय छापलंय हो?"

"माझी चिठ्ठी कधी चुकलीय का, सूनबाई?" आप्पांचा आवाज चढला.

ताईंनी अ‍ॅडाप्टर आप्पांच्याच हातात दिला. आप्पांनी चष्मा लावला, नखाने चिठ्ठी खरवडली आणि वाचले, "नऊ." माझ्या पाठीवर वाचले, "बारा." रंगकामाच्या गडबडीत त्यांच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि त्या नेमक्या छापील आकड्यांवरच चिकटल्या होत्या. मला दिलेला होता जुन्या इंटरनेट राउटरचा, आणि माझा अ‍ॅडाप्टर 'जुना इंटरनेट' या नावाने डब्याच्या तळाशी पडला होता.

"चुकलो गं मी," आप्पा म्हणाले, आणि त्यांनीच तो जोडला.

मी गर्रकन फिरले! एका दमात तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस फाइली पडद्यावर उभ्या केल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. दुरुस्तीवाला म्हणाला, "नशीब तुमचं." नशीब कसले? कमी विजेवर निभावले. जास्तीची मिळाली असती तर जळून कोळसा झाले असते. सोमवारी नर्सबाई नवा बूट घालून, भिंतीला हात न लावता जिना उतरल्या.

मित्रांनो, पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर जुळला असे समजू नका. आकडे वाचा. डिस्क फिरत असताना वायर हिसकू नका. आणि एकाच डिस्कवर सगळा भार टाकू नका. त्याच आठवड्यात ताईंनी दुसरी डिस्क आणली आणि माझ्यातले सगळे तिच्यातही ठेवले. मला राग आला नाही. आता मी बंद पडले तरी नर्सबाईंचे चालणे थांबणार नाही. पण एवढ्यात बंद पडायचा माझा मुळीच विचार नाही!