पाय लावून घेतला का?

लालबागच्या आमच्या गल्लीत कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आधी माझ्याकडे येत नाही. आधी बाम, मग गरम पाण्याची पिशवी, मग पायाळू. जन्मताना जो पायाकडून बाहेर आला तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा इकडे पक्का समज आहे. एवढं सगळं करून जी पाठ उरते ती माझ्या फिजिओथेरपीच्या वाट्याला येते. म्हणून केसपेपरवर छापलेला नसला तरी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, "पाय लावून घेतला का?"

दोन वर्षांपूर्वी मी इथे दवाखाना काढला तेव्हापासून उत्तर एकच यायचं, "हो, प्राचीचा." प्राची म्हणजे कुशाबांची नात. ती खरी पायाळू की नाही यावरही चाळीत वाद झाला होता, कारण ती सिझेरियनने जन्मली. शेवटी पोटात असताना पाय खालीच होते, हे कुशाबांनी हॉस्पिटलची फाइल दाखवून सिद्ध केलं म्हणे. मला हसू यायचं आणि रागही. ज्या मणक्यांना मी पाच वर्षं शिकून जपून हात लावते, त्यांच्यावर ही कोण बया खुशाल पाय देते? भेटू दे एकदा, चांगली खडसावते, असं मी ठरवून ठेवलं होतं.

परवा ती आली. तेरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, आजोबांच्या कोपराला धरून. कुशाबा पंचाहत्तरीचे, गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. खुर्चीत बसतानाच त्यांनी दम रोखला, हे मी पाहिलं.

"उसण भरली हा, बाय," ते म्हणाले. "दुसरा काय नाय."

"किती दिवस झाले?"

"पाच."

"दहा," प्राची म्हणाली.

"पाय लावून घेतला का?"

"नाय."

घरात पायाळू असताना माणूस दहा दिवस उसण घेऊन बसतो आणि पाय लावून घेत नाही, हे मला पटेना. मी प्राचीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, म्हणून माझीही नजर खाली गेली. तिचा डावा बूट उजव्यापेक्षा लहान होता आणि त्या पायाची पोटरी बारीक. जन्मतः आत वळलेलं पाऊल, तान्हेपणी प्लास्टर घालघालून सरळ केलेलं. असे पाय मी बरेच पाहिले आहेत. त्या पायावरून मुलं काय काय चिडवतात तेही ऐकलं आहे. इथे मात्र त्याच पायाला सगळी चाळ हात जोडत होती. ही करामत कुणाची ते मला लगेच कळलं आणि माझा खडसावायचा बेत जिरला.

"तिका भायर बसवा," कुशाबा म्हणाले.

"मी नाही जाणार," प्राची म्हणाली.

मी त्यांना सदरा काढून स्टुलावर बसवलं. उजवा खांदा किंचित खाली झुकला होता. श्वास आखूड, सगळा पोटातून. छातीभोवती टेप धरून म्हटलं, पूर्ण श्वास घ्या. छाती जेमतेम सेंटिमीटरभर फुगली आणि श्वास मध्येच अडला. मग हात छातीवर घडी घालून वळायला सांगितलं. डावीकडे ते बरे वळले, उजवीकडे सुरुवातीलाच थांबले.

"दुखतं?"

"नाय."

मणक्यांवर एकेक करून बोटाने हलकं ठोकून पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग मणक्यापासून बाजूकडे, बरगडी बरगडी करत बोटं सरकवत गेले. उजवीकडच्या आठव्या बरगडीवर, काखेच्या बरंच खाली, कातडीला पिवळट डाग होता. तिथे बोट टेकलं आणि त्यांचं अंग ताठ झालं.

"इथे?"

"नाय. हात थंड लागलो तुमचो."

शेवटी एक तळवा छातीवर, एक पाठीवर ठेवून दोन्हीकडून अगदी हलकेच दाबलं. दाब एकीकडे आणि कळ भलतीकडेच, बरगडीत, आली तर स्नायूपेक्षा हाडाचा संशय जास्त. कुशाबा "काय नाय" म्हणाले तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. त्यांचा मला राग आला. रुग्णच खोटं बोलायला लागला तर तपासायचं तरी कसं?

"आजोबा, हे उसणीचं दुखणं नाही. बरगडीला लागलंय. कुठे पडलात?"

"दरवाजाक आपटलंय. लिवा तसा."

मी लिहायला पेन उचललं.

"दरवाजा नाही," प्राची म्हणाली. "मी आहे. हलका पाय देऊन उसण जाईना, तर तोच म्हणाला, जोरात दे. मी पाठीवर उभी राहिले. टक् असा आवाज आला. तर म्हणतो, गेली बघ उसण! दोन्ही हात वर करून दाखवले मला. तेव्हापासून रोज बसून झोपतो."

कुशाबा भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघत बसले.

जे खरं ते मी तिला सांगितलं. पाठीवर उभं राहणं चूकच, पुन्हा कुणाच्याही पाठीवर नाही. पण धडधाकट हाड तेरा वर्षांच्या मुलीच्या वजनाने सहसा मोडत नाही. आजोबांचं हाड आधीच ठिसूळ झालेलं असणार. आधी डॉक्टरांकडे, मग एक्स-रे आणि रक्ततपासणी. बरगडी जुळायला सहाएक आठवडे लागतात, पण जुळते.

कुशाबांना एवढंच पुरेसं झालं. "आयकलंस मां? तुझ्या पायान माझा दुखणा शोधून काढल्यान! गुण आसा तो."

"गुणबिण काही नाही रे, आजोबा," प्राची म्हणाली. "मला चौथीतच कळलेलं. सुभद्राकाकूला तीनदा पाय लावला, तरी वाकता येत नव्हतं तिला. मला बरं वाटावं म्हणून उसण गेली, गेली म्हणाली."

"मगे इतकी वर्सा?"

"तू किती खूश व्हायचास. सगळ्यांना बोलावून आणायचास. तुला कसं सांगणार?"

तपासताना ज्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, ते कुशाबा रडायला लागले. एकेका हुंदक्याला त्यांची बरगडी हलत होती आणि ते कळवळत होते. मला फार वाईट वाटलं. मी टेबलावरची उशी त्यांच्या छातीशी दिली आणि घट्ट धरायला सांगितलं. खोकताना अशी उशी धरली की कळ कमी येते, एवढंच आम्हाला शिकवलेलं. रडण्याबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं.

"मॅडम, रडल्याने आणखी मोडेल का?" प्राचीने विचारलं.

"नाही."

"मग रडू दे त्याला," ती म्हणाली, आणि पुढे येऊन तिने उशी आपल्या बाजूनेही धरली.