बारा व्हॉल्व्हांची पूजा

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीला मधेच एका ठिकाणी पोट सुटल्यासारखं छोटंसं मैदान आहे. त्या मैदानाच्या मधोमध गेल्या दिवाळीपासून एक प्लायमाउथ उभी होती. अस्सल अमेरिकन, हेमराजच्या जन्माच्याही आधीची. रंग मूळचा आकाशी असावा, पण शपथेवर कोणी सांगितलं नसतं. लांबी अशी की पुढचे दिवे प्रमिलाबाईंच्या दारात आणि डिकी लोटूभाऊंच्या मोरीत.

हेमराज भाईदासशेठकडे लूमदुरुस्तीचं काम करायचा. शेठना शेड वाढवायची होती आणि शेडमागे ताडपत्रीखाली ही गाडी कुजत होती. "भंगारात देण्यापेक्षा मला द्या," हेमराज म्हणाला. शेठ हिशेबाच्या वहीतून मान वर न करता गुजरातीत म्हणाले, "लई जा." घेऊन जा. टेम्पोला दोर बांधून गाडी गल्लीत आली आणि पुष्पाबाईने, म्हणजे हेमराजच्या बायकोने, उंबऱ्यातूनच तिचं बारसं केलं. भाकड म्हैस. जागा अडवते, खर्च खाते, दूध शून्य.

इंजिन पार झिजलेलं होतं. हेमराजने लिंबाच्या फांदीला चेनकप्पी टांगून ते बाहेर काढलं आणि ओट्यावर उघडलं. तेव्हापासून घरातल्या पोळ्यांनाही रॉकेलचा वास येऊ लागला. वास येत नव्हता तो फक्त स्टोव्हला, कारण त्यातलं रॉकेल पिस्टन धुण्यात संपलेलं असायचं. उधन्याच्या लेथवर सिलिंडर घासून आणले, रिंगा मुंबईहून मागवल्या, आणि दहावीतली लेक सोनाली भूमिती सोडून बेअरिंगांची नावं पाठ करू लागली.

"पप्पा, ही गाडी चालली की आधी कुठे जायचं?"

"लग्नाला," हेमराज म्हणाला.

"कोणाच्या?"

"ज्याच्या असेल त्याच्या. फुलं लावून नवरदेव बसवायचा मागे. एवढी लांब गाडी सुरतेत दुसरी दाखव मला."

थट्टेवारीत बोलायचा, पण त्याला खरंच तेच हवं होतं. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस तो; घरी आला तरी तासभर ओरडूनच बोलायचा. लग्नसराईत गाडी भाड्याने लावायची आणि रात्रपाळी सोडायची, एवढंच त्याचं स्वप्न होतं. पुष्पाबाईला हे ठाऊक होतं. तरीही म्हैस भंगारात गेली असती तर तिने गुपचूप साखर वाटली असती.

नवरात्रात गल्लीचा धीर सुटला. मैदान एकच, आणि त्यात गाडी. शेवटी गरबा गाडीभोवतीच फिरला. मातेचा फोटो टपावर ठेवला, पोरी वळसा घेताना आरशाला धडकत होत्या आणि कोणाची तरी ओढणी रोज दाराच्या मुठीत अडकायची. सातव्या दिवशी प्रमिलाबाईंनी, ज्यांच्या शब्दापुढे गल्लीत कोणी जात नसे, निकाल दिला.

"हेमराज, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, आपण सगळे इथे घारी खायला बसतो. त्या संध्याकाळी मैदान मोकळं पाहिजे. गाडी आपल्या पायांनी गेली तर ठीक. नाहीतर भंगारवाला ओढून नेईल. सुकलालला मी सांगून ठेवलंय."

"जाईल, मावशी. आता इंजिन परत गाडीत बसवलंय. व्हॉल्व्ह टाकायचे, वरचं झाकण लावायचं, की झालं."

"हाई म्हैस चालाव नही," लोटूभाऊ मोरीजवळून म्हणाले. त्यांच्याकडून ही वर्षभरातली शंभरावी भविष्यवाणी होती आणि आतापर्यंतच्या सगळ्या खऱ्या ठरल्या होत्या.

खंडेनवमीला हेमराज शेडवर लूमच्या पूजेला गेला. घरातली हत्यारं पुजायची ती पुष्पाबाईनेच. विळी, कात्री, शिलाई मशीन, सोनालीची कंपासपेटी, नवऱ्याचे पाने. पाने पुसता पुसता तिला खाटेखाली बॉबिनची लाकडी पेटी दिसली. आत बारा व्हॉल्व्ह. लोखंडी छत्र्यांसारखे, डोक्याला काळपट, तेलकट. आज सणाला सगळी हत्यारं न्हाऊन बसणार आणि हेच तेवढे काळं तोंड घेऊन खाटेखाली, हे काही तिला बघवेना. ती म्हशीवर रागावलेली होती, म्हशीच्या पोरांवर नाही.

तिने बाराही बाहेर काढले, राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासघास घासले, धुतले, पदराने पुसले. पाटावर लाल कापड घालून मोठे मागे, लहान पुढे, अगदी वर्गाच्या फोटोसारखे मांडले. प्रत्येकाला हळदकुंकू. प्रत्येकाला एक झेंडू. चांदीच्या निरांजनांनी लाजावं असे ते चमकत होते, आणि तिला वाटलं, आज तरी हा माणूस दोन शब्द बरे बोलेल.

हेमराज आला. पाटासमोर उभा राहिला. पाहतच राहिला.

"कसे दिसतात?" पुष्पाबाईने विचारलं.

त्याने हात धुतले, ताटावर बसला, आणि पुरणपोळीचा एक तुकडा मोडून तसाच उठला. वीस वर्षांच्या संसारात हेमराजने पुरणपोळी टाकली नव्हती. तापातसुद्धा नाही.

"मम्मी," सोनाली हळूच म्हणाली, "ते पेटीत ओळीने ठेवले होते. पहिला पहिल्या भोकाचा, दुसरा दुसऱ्याचा."

"मग? आता ठेव ना ओळीने."

"कोणता पहिला?"

पुष्पाबाईने पाटाकडे पाहिलं. बाराही सारखेच गोंडस दिसत होते.

शेवटी हेमराजनेच समजावलं, आणि ओरडून नाही, हेच वाईट होतं. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर पेस्ट लावून इतका घासायचा की दोघांमधून हवासुद्धा जाऊ नये. जागा बदलली की फट राहते आणि इंजिन दम टाकतं. त्याने त्यात कितीतरी रविवार घातले होते.

"एकेकाचं लग्न लावलं होतं मी," तो म्हणाला. "तू सगळ्यांची सासरं बदललीस. वर राखेने घासून तोंडंही बदललीस."

"मग परत लावा लग्नं."

"पडव्यापर्यंत माझी दिवसपाळी आहे, पुष्पे. आणि परतल्यावर हात उचलत नाहीत. जाऊ दे. सुकलाल न्यायला येणारच आहे."

तो असं म्हणाला आणि कूस बदलून झोपला. पुष्पाबाईला झोप येईना. म्हैस जावी असं तिलाच तर वाटत होतं. पण ती तिच्या झेंडूच्या फुलांमुळे जावी, हे तिला चालणार नव्हतं.

दसरा उलटला. सकाळी तो कामावर गेला तशी ती सोनालीला म्हणाली, "ती घासायची काठी कुठाय?"

काठीच्या टोकाला रबराची वाटी होती. वाटी व्हॉल्व्हच्या डोक्यावर चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, उजवीकडे, डावीकडे, मधेच उचलून पुन्हा. सोनालीने करून दाखवलं. पुष्पाबाई दोन मिनिटं पाहत राहिली.

"अगं, ही तर रवी आहे," ती म्हणाली आणि पदर खोचला.

तिने पाट नेऊन गाडीच्या पुढच्या चाकाशी ठेवला, त्यावर चढली आणि बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकली. गल्लीला फक्त तिचं नऊवारीतलं अर्धं अंग दिसत होतं.

"पुष्पा, म्हैस दूध द्यायला लागली का?" लोटूभाऊंनी विचारलं.

"ताक घुसळतेय," आतून आवाज आला. "तुम्हाला पाहिजे तर पेला आणा."

हसून झाल्यावर प्रमिलाबाई जवळ आल्या. मुदत त्यांनीच घातली होती, त्यामुळे आधी नुसतं पाहायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण घुसळणारीचा हात चुकताना बघणं कोणत्याही बाईला जमत नाही.

"उचलत नाहीयेस मधे. उचल. हो बाजूला."

मग काय, घरातली कामं आवरून बायका येत गेल्या. एकीचे तळवे दुखले की दुसरी पाटावर चढायची. सोनाली प्रत्येक व्हॉल्व्ह काढून बघायची, कडेवर सलग राखाडी गोल उमटला की पास, मधेच तुटला की नापास. आपल्या आजीच्या वयाच्या बायकांना नापास करण्यात तिला जरा जास्तच गोडी लागली होती. प्रमिलाबाईंचा पाचवा व्हॉल्व्ह तिने तीनदा परत पाठवला. जे पास झाले, ते त्याच भोकात राहिले; कोणी उचलू नये म्हणून पुष्पाबाई स्वतः बॉनेटशी उभी राहून पहारा देई.

हेमराजने संध्याकाळी येऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एकेक व्हॉल्व्ह उचलला, खाली ठेवला.

"पुन्हा मुके झालात का?" पुष्पाबाई म्हणाली.

"माझ्यापेक्षा बरे बसलेत," तो म्हणाला. "कोणाला सांगू नको."

तिने अर्थातच सगळ्या गल्लीला सांगितलं.

पडव्याच्या संध्याकाळी मैदानाच्या कडेने चटया पडल्या, माव्याच्या घाऱ्यांचे डबे आणि भुसं, म्हणजे तिखट फरसाण, आलं, आणि कोपऱ्यावर सुकलालचा टेम्पोही आला. सुकलाल दोर खांद्यावर टाकूनच घारी खात होता. इंजिनचं झाकण आदल्या रात्रीच लागलं होतं. हेमराज गाडीत बसला. स्टार्टर घरघरला. इंजिन एकदा खोकलं, निळा धूर लोटूभाऊंच्या भुशावर गेला, आणि सगळं शांत.

"घारी संपव, सुकलाल," लोटूभाऊ म्हणाले. "ओढायची आहे."

हेमराजने पुन्हा दाबलं. या वेळी इंजिन थरथरलं, अडखळलं, आणि मग एका लयीत चालू लागलं, मऊ आवाजात, कोणी झोपेत घोरावं तसं. कोणाच्या हातातली घारी तोंडाकडे जाईना.

हेमराजने स्टिअरिंगजवळची दांडी ओढली. खट्ट. परत ओढली. ती हलेना. गिअर एका जागी अडकला होता आणि ती जागा रिव्हर्सची होती.

"ही पुढे जाणार नाही," तो खिडकीतून म्हणाला.

"मी बोललो होतो," लोटूभाऊ म्हणाले.

"मागे जाईल."

सगळे प्रमिलाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी आपल्या तळव्यावरचा फोड बघितला, मग गाडीकडे पाहिलं.

"मी म्हणाले होते, आपल्या पायांनी," त्या म्हणाल्या. "तोंड कुठे असावं हे नव्हते म्हणाले. लोटू, बादली हलव. दोर गुंडाळ, सुकलाल."

हेमराजने शेजारचं दार आतून ढकललं. "बस, पुष्पे."

"मला नाही बसायचं. उलटी होते मला."

"बस म्हणतो ना."

सोनालीने तिला मागून ढकललंच. गाडी हळूहळू मागे सरकत गल्लीबाहेर निघाली आणि पुष्पाबाईच्या काचेसमोर सगळी गल्ली लहान होत गेली. प्रमिलाबाई, चटया, तोंडात घारी धरून पळत येणारी सोनाली, रिकामं मैदान. एवढी माणसं तिच्याकडे तोंड करून उभी होती आणि तिला अजून उलटी आली नव्हती.

"बोल, कुठे जायचं?" हेमराजने ओरडून विचारलं. तो तिच्याकडेच बघत हसत होता.

"ते नंतर," पुष्पाबाई म्हणाली. "आधी मागे बघा."