माझी कडी बसवू नका

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, मित्रांनो, आणि मला कडी नाही. कीव करू नका. कीव करणाऱ्यांचा मला राग येतो.

माझी मालकीण म्युलरबाई जर्मन. ती मला ‘आयमर’ म्हणते, म्हणजे तिच्या भाषेत बादलीच. अमेरिकेत ॲन आर्बरला तिच्या माडीवर त्र्यंबक आणि विष्णू असे दोन विद्यार्थी राहायला आले, एक नागपूरचा, एक पुण्याचा. आठवड्यात त्यांचं बिनसलं. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत माडीवरचा नळ फुटला, गरम पाणी तळघरातच उरलं आणि अंघोळीसाठी मला रोज अठ्ठावीस पायऱ्या चढाव्या लागल्या. थंडी अशी, की माझ्यातली वाफ गोठून खळकन जिन्यावर पडे. खोटं वाटत असेल तर जिन्याला विचारा.

एका हाताने उचललेली भरली बादली हिंदकळणारच. बाईच्या पॉलिश केलेल्या पायऱ्यांवर डाग पडले.

“एकाचं पाणी माझा जिना सोसेल, दोघांचं नाही,” ती म्हणाली. “आयमरमधला ‘आय’ म्हणजे ‘आइन’, एक. एक कडी, एक हात, एक माणूस. दुसऱ्याने शनिवारी सामान उचलायचं.”

“मॅडम, ह्यालाच काढा,” त्र्यंबक म्हणाला. “हा अंघोळ करतो का शेती, तेच कळत नाही.”

विष्णू लायब्ररीत गेला आणि कोशातलं पान उतरवून आला. “मूळ शब्द लॅटिन आहे, अँफोरा. दोन्हीकडे कान असलेला घडा. तुमच्या पूर्वजांना तो परका शब्द उमगेना. त्यांनी त्यात ‘एक’ ऐकला आणि एक कान उडवला. मुळात हे दोन कानांचं भांडं आहे.”

“झाली याची पीएच.डी.,” म्हणत त्र्यंबकने माझी कडी धरली. विष्णूनेही धरली. ओढाताणीत ती निखळून बाईच्या पायावर पडली.

“ज्याच्या बाजूने थेंब सांडेल, तो बाहेर,” बाई पाय चोळत म्हणाली.

बिनकडीची भरली बादली एकट्याला उचलेना. दोघांनी दोन्हीकडून माझे काठ धरले. बाई फडकं घेऊन मागोमाग चढली. वर पोचलो तेव्हा फडकं कोरडं होतं.

त्याला तीन वर्षं झाली. थेंबाची वाट बघत बाईने नळ दुरुस्तच केला नाही. ते दोघे अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. “डावीकडे घे, गाढवा,” एवढंच काय ते संभाषण.

तेव्हा मित्रांनो, माया करायचीच असेल तर माझा गंज घासा. कडी मात्र बसवू नका. ती बसली, की माझा एक काठ मोकळा पडेल, आणि एक जण बर्फात उभा असेल.