डोणीतलं पाणी

या मायबापहो, सरका जरा पुढं. टाळ मांडीवर ठेवा. बुवा येईस्तोवर एक कथा सांगतो; देवादिकांची न्हाई, आपल्या आष्टीकडच्याच माणसांची.

बहात्तरचा दुष्काळ. गावातल्या मजुरांनी सहकारी सोसायटी काढून ही देवळाजवळची विहीर खणायला घेतली होती. माती गेली, मुरूम गेला आणि खाली काळा पाषाण लागला. गाडीवरच्या पिंपातून घरटी रोज एक घागर पाणी मिळायचं. विहिरीला पाणी लागलं नाही तर गाव उठणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

छिन्न्यांना धार लावायचा धोंडीराम लोहार. भाता ओढायची त्याची बायको, छबुबाई. तापलेलं टोक दगडी डोणीतल्या गार पाण्यात बुडवलं की त्याला कडकपणा येतो; छिन्नीला पाणी देणं म्हणतात ते हेच. पण लाल लोखंड चर्रकन पाणी पीत होतं. डोणीत उरलं ते थोडं, अन् तेही कढत. छिन्न्या पाषाणावर दुमडू लागल्या.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव वाकडी छिन्नी घेऊन भट्टीवर आले. "धोंड्या, लोण्याच्या घडवतो का बे?"

"मालक, डोणीत पाणी घाला. गार पाण्याबिगर धार टिकत न्हाई."

"माणसांना प्यायला न्हाई, तुझ्या लोखंडाला कुठून देऊ?"

छबुबाई भाता ओढता ओढता म्हणाली, "चेअरमन, तुमीच बसा हितं. वारा तर लई सोडता!"

सुंदररावही हसले. पाणी काही दिलं नाही.

पण दुसऱ्या सकाळी डोणीत गार पाण्याची भर पडलेली. चेअरमनला दया आली, असं धोंडीराम समजला. मग रोजच तसं. छिन्न्या टिकू लागल्या, पाषाण कपच्याकपच्यांनी सुटू लागला. छबुबाईचे ओठ मात्र फुटले.

"पाणी पी की," तो म्हणायचा.

"आत्ताच पिले," म्हणत ती त्याच्या वाट्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवायची.

एका दुपारी ती भात्यावरच कलंडली. अंगाला हात लावला तर चटका बसावा. धोंडीराम घराकडं पळाला, घागर कोरडी. परतताना सुंदरराव आडवे आले. "मालक, डोणीत टाकता त्यातलं घोटभर आज हिला द्या!"

"मी कावून टाकीन? मी थेंब धाडला न्हाई, गड्या."

धोंडीराम तसाच भट्टीकडं धावला. मग त्यानं डोणीत ओंजळ बुडवली, काजळीचं ते पाणी तिच्या तोंडाला लावलं. तिनं मान फिरवली.

"ऱ्हाऊ द्या. सांजच्या छिन्न्या ऱ्हायल्यात."

ओंजळ गळून गेली. तीही गेली.

तिचा तेरावा व्हायच्या आत विहिरीत झरा फुटला. लोकांनी पहिली बादली मानानं धोंडीरामपुढं ठेवली. त्यानं ती डोणीत ओतली आणि भाता सोडून ठेवला. त्या भट्टीत पुन्हा लोखंड तापलं नाही.

बुवा आले बघा. कीर्तन संपल्यावर प्रसादासंगं ह्याच विहिरीचं पाणी मिळंल. विठ्ठलाचं नाव घ्याच. पण पहिल्या घोटाआधी, मायबापहो, छबुबाईची तेवढी आठवण काढा.